फुटायचं ते पडद्यावर फुटू दे!

श्रीहरिकोटा. ३० मे २०२४ची सकाळ. घड्याळाचा काटा सव्वासातकडे सरकतोय. समुद्रालगतच्या एका छोट्याशा उड्डाणतळावर सहा मीटरच्या आसपास उंचीचं, म्हणजे फार तर दुमजली घराएवढं एक रॉकेट उभं आहे. याच बेटावरून झेपावणाऱ्या ‘इस्रो’च्या चाळीस-चाळीस मीटर उंच रॉकेटांपुढे हे म्हणजे हत्तीपुढे शेळी! पण या शेळीकडे त्या दिवशी सगळ्या देशातल्या अवकाश-शास्त्रज्ञांचे डोळे लागले होते. कारण ते रॉकेट सरकारी नव्हतं, तळही सरकारी नव्हता. दोन्ही उभी केली होती चेन्नईच्या ‘अग्निकुल कॉसमॉस’ नावाच्या, जेमतेम सात वर्षं वयाच्या कंपनीनं.

आणि डोळे लागण्याचं दुसरंही एक कारण होतं. याआधी चार वेळा हेच उड्डाण ऐनवेळी रद्द झालं होतं. मार्चमध्ये एकदा, एप्रिलमध्ये दोनदा आणि दोनच दिवसांपूर्वी, २८ मे रोजी, तर उलटी मोजणी संपायला जेमतेम सहा सेकंद उरलेले असताना! नवरदेव बोहल्यावर चढावा आणि अंतरपाट दूर होता होता भटजींनी ‘थांबा’ म्हणावं, तसला प्रकार.

पाचव्या खेपेला मात्र कुणी ‘थांबा’ म्हटलं नाही. सव्वासात वाजता इंजिन पेटलं, ‘अग्निबाण’ उठला. ‘इस्रो’नं अभिनंदन करताना खास उल्लेख केला तो इंजिनाचा. थ्री-डी प्रिंटिंगनं घडवलेल्या सेमी-क्रायोजेनिक इंजिनाचं हे पहिलंच नियंत्रित उड्डाण होतं.

हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलं. छापून आली नाही ती त्यामागची खरी गोष्ट. एवढ्याशा कंपनीकडे इंजिनावर इंजिनं फोडून बघायला पैसे आले कुठून?

उत्तर सोपं आहे. पैसे नव्हतेच. म्हणून फोडाफोडी करायची ती आधी संगणकाच्या पडद्यावर!

एक इंजिन, एकच तुकडा

‘अग्निकुल’ची सुरुवात झाली २०१७मध्ये. श्रीनाथ रविचंद्रन आणि मोईन एसपीएम हे दोन तरुण, आणि त्यांच्या पाठीशी आयआयटी मद्रासमध्ये ज्वलनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक सत्यनारायणन चक्रवर्ती. यांतले श्रीनाथ आधी वित्तक्षेत्रात नोकरी करणारे. स्वप्न एकच, छोटे उपग्रह हव्या त्या वेळी वर नेऊन सोडणारं छोटं रॉकेट बनवायचं.

रॉकेटचं हृदय म्हणजे त्याचं इंजिन. ते एरवी शेकडो सुटे भाग जोडून, त्यांना झाळकाम करून तयार होतं. प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक शक्यता. ‘अग्निकुल’नं ठरवलं की जोडच ठेवायचा नाही. धातूची पूड लेझरच्या किरणानं वितळवत, थरावर थर चढवत आख्खं इंजिन एकाच तुकड्यात ‘छापायचं’. धिरड्यावर धिरडं रचत जावं आणि शेवटी पाहिलं तर घडा तयार, असं काहीसं. साधारण तीन दिवसांत असं एक इंजिन छापून होतं.

ऐकायला झकास वाटतं. पण थोडा विचार करा. अशा इंजिनात केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन एकत्र जळतात. आतल्या ज्वाळेचं तापमान तीन हजार अंश सेल्सियसच्या पलीकडे. ज्या निकेलच्या मिश्रधातूपासून इंजिन घडवलं, तो तेराशे अंशांच्या आसपासच वितळायला लागतो. आणि ऑक्सिजन द्रवरूप ठेवायचा तर तो शून्याखाली १८३ अंशांपेक्षाही थंड हवा. म्हणजे एकाच यंत्रात हातभर अंतरावर एकीकडे बर्फालाही लाजवेल अशी थंडी आणि दुसरीकडे लोखंडाचं पाणी करील अशी आग! मध्ये काय? काही मिलिमीटर जाडीची भिंत.

ही भिंत वितळत नाही कशी? अशा इंजिनांच्या भिंतीच्या पोटात केसासारख्या बारीक नाही, पण बऱ्याच अरुंद अशा नळ्या ठेवतात. त्यांतून गार इंधन खेळवलं जातं. ते भिंतीची उष्णता शोषून घेतं आणि मग स्वतः जळायला आत जातं. आता या नळ्या किती हव्यात, किती रुंद, कुठे वळवायच्या? नळी अरुंद झाली तर इंधन अडेल, रुंद झाली तर भिंत कमकुवत होईल. शिवाय एकदा इंजिन एकसंध छापलं की आत हात घालून दुरुस्ती करायची सोय नाही. चूक झाली तर आख्खं इंजिन भंगारात!

इथे मदतीला येतं ते इंजिनीअरिंग सॉफ्टवेअर.

पडद्यावरची शिलाई

सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बँकेचा हिशेब, रेल्वेचं तिकीट नाहीतर मोबाइलवरचा खेळ येतो. इंजिनीअरचं सॉफ्टवेअर हे वेगळं प्रकरण आहे. त्याची ढोबळमानानं तीन कामं.

पहिलं काम, वस्तू बेतण्याचं. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी खडूनं बेततो, तसं इंजिनीअर पडद्यावर वस्तू बेततो. फक्त ती कागदावरच्या नकाशासारखी सपाट नसते. ती फिरवून, उलटी करून, चिरून आतून पाहता येते. एका नळीची रुंदी बदलली की तिच्याशी जोडलेलं सगळं आपोआप बदलतं. यालाच ‘कॅड’ म्हणतात. थ्री-डी प्रिंटरला तर हा पडद्यावरचा बेत मिळाल्याशिवाय पहिला थरही टाकता येत नाही.

दुसरं काम, बेतलेल्या वस्तूला छळण्याचं. तापव, दाब, वाक, हलव, आपट आणि बघ काय होतं ते. याला म्हणतात ‘सिम्युलेशन’.

तिसरं काम, वस्तूला अक्कल देण्याचं. रॉकेट एका बाजूला कललं तर इंजिन किती वळवायचं, स्कूटर घाटात तापली तर मोटरला किती वीज द्यायची, हे ठरवणारा ‘मेंदू’ लिहिणं आणि तो खऱ्या यंत्रात बसवण्याआधी पारखून घेणं.

यांतलं दुसरं काम सगळ्यांत मजेचं. ते समजून घ्यायला स्वयंपाकघरात गेलं तरी पुरे.

शंकरपाळ्यांचं गणित

एखादी साधी सरळ लोखंडी पट्टी घेतली, दोन टोकांवर टेकवली आणि मधोमध वजन ठेवलं, तर ती किती वाकेल याचं सूत्र कॉलेजच्या पुस्तकात मिळतं. पण वाकड्यातिकड्या, पोटात नळ्या असलेल्या, एका बाजूनं तापलेल्या आणि दुसऱ्या बाजूनं गारठलेल्या इंजिनाचं सूत्र कुठल्याही पुस्तकात नसतं. ते मांडताच येत नाही.

मग गणितज्ञांनी युक्ती काढली. दिवाळीत मोठी पोळी लाटून आपण तिच्यावर कातणं फिरवतो आणि शंकरपाळ्या पाडतो. तसंच या इंजिनाचे मनातल्या मनात लाखो बारीक तुकडे पाडायचे. आख्ख्या पोळीचा आकार ओबडधोबड असला, तरी प्रत्येक शंकरपाळी साधी, नीटस चौकोनी! तिच्यापुरतं गणित सोपं. फक्त एक पथ्य पाळायचं. शंकरपाळ्या सुट्या करायच्या नाहीत. प्रत्येकीच्या कडा शेजारणीला चिकटलेल्याच राहायला हव्यात. म्हणजे एकीला ओढलं की शेजारीण ओढली जाते, एक तापली की दुसरीला झळ लागते. अशी लाखो सोपी गणितं एकमेकांत गुंफली की शेवटी आख्ख्या इंजिनाचं उत्तर हाती येतं. माणसानं करायला घेतलं तर सात जन्म पुरणार नाहीत. संगणक काही तासांत करतो. मग पडद्यावर इंजिन रंगीबेरंगी दिसायला लागतं. निळा भाग निवांत, पिवळा कुरकुरतोय, लाल कुठल्याही क्षणी दगा देणार!

जिथे ताण जास्त, तिथे शंकरपाळ्या बारीक पाडायच्या. जिथे नाही, तिथे मोठ्या चालतात. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरून एक भयंकर गोष्ट येणार आहे.

या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ म्हणतात. तिचं बीज गणितज्ञ रिचर्ड कूराँ यांच्या १९४३च्या लेखात सापडतं आणि हे नाव दिलं कॅलिफोर्नियातले प्राध्यापक रे क्लॉ यांनी १९६०मध्ये. ज्वाळा, हवा, पाणी अशा वाहत्या गोष्टींसाठी याच धर्तीचं दुसरं गणित आहे. रॉकेटच्या पोटातली आग आणि नळीतलं इंधन त्यानं पाहता येतं.

सॉफ्टवेअरही एकेकाळी ‘स्टार्टअप’च!

गंमत म्हणजे आज नवे उद्योजक जी सॉफ्टवेअर्स वापरतात, तीही कधीकाळी अशाच धडपड्या माणसांच्या घरात जन्मली.

अमेरिकेत पिट्सबर्गला जॉन स्वॉन्सन नावाचा इंजिनीअर ‘वेस्टिंगहाऊस’ कंपनीत होता. त्याच्या प्रयोगशाळेत अणुशक्तीवर चालणाऱ्या रॉकेटचं काम सुरू होतं. पुन्हा रॉकेटच बघा! प्रत्येक भागाचा ताण हातानं किंवा दर वेळी नवा प्रोग्रॅम लिहून काढावा लागे. त्याला वाटलं, सगळ्यांना चालेल असा एकच प्रोग्रॅम का असू नये? कंपनीला ही कल्पना पटली नाही. स्वॉन्सननं नोकरी सोडली आणि १९७०मध्ये आपल्या शेतावरच्या घरातून कंपनी काढली. त्याचा पहिला गिऱ्हाईक कोण? जिनं कल्पना नाकारली तीच ‘वेस्टिंगहाऊस’! हा प्रोग्रॅम म्हणजेच आजचं ‘अ‍ॅन्सिस’. शेतघरातली ती कंपनी जुलै २०२५मध्ये ‘सिनॉप्सिस’नं विकत घेतली, सुमारे ३५ अब्ज डॉलरना.

दुसरा किस्सा ‘मॅटलॅब’चा. न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर हे गणिताचे प्राध्यापक. संगणकावर मोठी गणितं सोडवायची तर विद्यार्थ्यांना आधी किचकट ‘फोरट्रान’ शिकावी लागे. पोरांचा हा त्रास वाचावा म्हणून त्यांनी १९७०च्या दशकात एक सोपं साधन लिहिलं आणि फुकट वाटलं. पुढे जॅक लिटल या इंजिनीअरनं त्यातला धंदा ओळखला आणि १९८४मध्ये ‘मॅथवर्क्स’ कंपनी उभी राहिली.

आणि ‘सॉलिडवर्क्स’? ते काढणारे जॉन हर्शटिक हे एमआयटीतल्या पत्ते खेळणाऱ्या प्रसिद्ध टोळक्यातले. ब्लॅकजॅकमध्ये जिंकलेल्या पैशांतून त्यांनी १९९३मध्ये कंपनी काढली. चार वर्षांत ती फ्रान्सच्या ‘डासॉल सिस्टिम्स’नं घेतली. याच डासॉलचं मोठं संशोधन-विकास केंद्र आपल्या पुण्यात आहे. जगभरचे इंजिनीअर जे सॉफ्टवेअर उघडून विमानं आणि मोटारी बेततात, त्यातला काही भाग हिंजवडीच्या रहदारीत अडकणाऱ्या मंडळींनी लिहिलेला असतो!

मेंदू खरा, स्कूटर खोटी

रॉकेट आपल्या रोजच्या वाटेवर येत नाही. पण विजेवरची स्कूटर येते. तिची गोष्टही ऐकण्यासारखी आहे.

आयआयटी मद्रासमधून बाहेर पडलेले तरुण मेहता आणि स्वप्निल जैन हे दोघे मित्र. एक ‘अशोक लेलँड’मध्ये लागला, दुसरा ‘जनरल मोटर्स’मध्ये. काही महिन्यांतच दोघांनी नोकऱ्या सोडल्या. २०१३मध्ये ‘एथर एनर्जी’ सुरू केली. आधीचा बेत लहान होता. बाजारात ज्या विजेवरच्या स्कूटरी आहेत त्यांना चांगली बॅटरी बनवून द्यायची, एवढाच. पण त्या स्कूटरी उघडून पाहिल्यावर लक्षात आलं की नुसती बॅटरी बदलून भागणार नाही, आख्खी गाडीच नव्यानं बनवायला हवी.

गाडी बनवायची म्हणजे मोठमोठ्या कारखान्यांचं काम. त्यांच्याकडे चाचणीचे ट्रॅक असतात, डझनांनी नमुना-गाड्या असतात. दोन पोरांकडे काय होतं? त्यांनी मॅटलॅब आणि त्याचंच भावंड ‘सिम्युलिंक’ वापरून आधी संगणकात स्कूटर उभी केली. या पद्धतीला ‘मॉडेल-बेस्ड डिझाईन’ म्हणतात. यात बॅटरी, मोटर, चाकं, चढ, वारा, चालवणाऱ्याचं वजन असं सगळं गणिताच्या रूपात मांडतात. मग प्रश्न विचारायचे. मागे बायको आणि पुढे मूल घेऊन निघालेल्या माणसाला उड्डाणपूल चढताना मोटर किती तापेल? भर मे महिन्यात बॅटरीच्या पोटात काय होईल? अशा प्रश्नासाठी रस्त्यावर मे महिन्याचीच वाट पाहावी लागते. संगणकात सोमवारी सकाळीही मे महिना आणता येतो.

पुढची पायरी तर आणखी नामी. गाडीचा मेंदू, म्हणजे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, तयार झाली की तिला खऱ्या गाडीत न बसवता संगणकाला जोडतात. संगणक तिला खोटंच सांगतो, ‘आता तू चढावर आहेस, आता ब्रेक दाबला, आता बॅटरी तापली.’ पाटी बिचारी रस्त्यावर असल्यासारखी वागते. मेंदू खरा, स्कूटर खोटी! मेंदू चुकला तरी कुणाचं डोकं फुटत नाही. खऱ्या रस्त्यावर हीच चूक झाली तर कुणाचा तरी मुलगा कॉलेजातून घरी यायचा राहतो. म्हणून या खोट्या स्कूटरीची किंमत खऱ्या स्कूटरीपेक्षा कमी समजू नये.

पण म्हणून सगळं झटपट झालं का? अजिबात नाही. गाडीचा नमुना लोकांना दाखवला फेब्रुवारी २०१६मध्ये आणि गिऱ्हाइकांच्या हाती किल्ली पडली २०१८मध्ये. मधली दोन वर्षं गेली ती सुटे भाग बनवणारे शोधण्यात, साचे तयार करण्यात, चाचण्यांत. संगणक चुका स्वस्त करतो, कष्ट फुकट करत नाही. मे २०२५मध्ये ही कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. त्याआधी २०२४मध्ये तिनं नव्या कारखान्यासाठी महाराष्ट्रातलं छत्रपती संभाजीनगर निवडल्याचं जाहीर झालं होतं.

पैशाचं काय?

इथे कुणीही व्यवहारी गृहिणी विचारील, ‘अहो, पण हे सॉफ्टवेअर काय फुकट मिळतं?’

रास्त प्रश्न! चांगल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याला वर्षाला लाखो रुपये मोजावे लागतात. ज्यांच्या कंपनीचं भाडं थकलंय, त्यांनी एवढे पैसे आणायचे कुठून? मोह एकच, चोरीची प्रत वापरण्याचा. तो फार महागात पडतो. पुढे गुंतवणूकदार हिशेब तपासायला बसला किंवा मूळ कंपनीची नोटीस आली, की सगळं मुसळ केरात.

सुदैवानं सरळ वाटा आहेत. पहिली वाट, ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या नवउद्योगांसाठी असलेल्या खास योजना. त्यांत सुरुवातीची काही वर्षं परवाना अगदी थोड्या पैशांत मिळतो. यात परोपकार नाही, दूरदृष्टी आहे. आज ज्याचा हात या साधनावर बसला, तो उद्या मोठा झाल्यावर पूर्ण पैसे देऊन तेच घेणार! अर्थात ही गोष्ट नवउद्योजकानंही ध्यानात ठेवावी. सवलत संपल्यानंतरचा आकडा आधीच विचारून घ्यावा. माहेरी आलेली लाडकी लेक चार दिवसच राहते.

दुसरी वाट, आयआयटी आणि इंजिनीअरिंग कॉलेजांमधली उद्योग-संगोपन केंद्रं. ‘अग्निकुल’ आणि ‘एथर’ दोन्ही कंपन्या आयआयटी मद्रासच्या अंगणात वाढल्या, हा योगायोग नव्हे. तिथे महागडी यंत्रं, प्रयोगशाळा आणि मुख्य म्हणजे चूक दाखवणारे प्राध्यापक हाताशी असतात. मुंबईचं उदाहरण ‘आयडियाफोर्ज’चं. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७मध्ये सुरू केलेली ही ड्रोन कंपनी. २००९च्या ‘थ्री इडियट्स’ सिनेमात जे उडतं यंत्र दिसतं, ते याच मंडळींचं!

तिसरी वाट, पूर्णपणे मोफत आणि तरीही कायदेशीर सॉफ्टवेअरची. वस्तू बेतायला ‘फ्रीकॅड’, हवा-पाण्याचा अभ्यास करायला ‘ओपनफोम’, इलेक्ट्रॉनिक पाट्या आखायला ‘कायकॅड’, गणितासाठी ‘सायलॅब’. जगभरच्या जाणकारांनी लिहिलेली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवलेली ही साधनं आहेत. ती शिकायला जरा कष्ट पडतात, एवढंच. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ हा प्रकल्प त्यांचा प्रसार करतो, आणि तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमानं अशा साधनांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत. इंग्रजी कच्चं म्हणून मागे राहिलेल्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे.

सत्तेचाळीस टक्क्यांची चूक

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, संगणक म्हणजे कल्पवृक्षच! आता ती मघाची राहिलेली भयंकर गोष्ट.

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेत स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत ‘स्लाइप्नर’ नावाचा एक अवाढव्य काँक्रीटचा सांगाडा तरंगत उभा होता. उत्तर समुद्रातून तेल-वायू काढणाऱ्या तराफ्याचा तो पाया. त्याच्या पोटात हळूहळू पाणी भरून तो किती खोल नीट उतरतो, याची चाचणी चालली होती. अचानक आतून धडाड्‌ असा आवाज झाला. एक भिंत फाटली, पाणी आत घुसलं आणि थोड्याच वेळात आख्खा सांगाडा बुडाला. तळाशी आपटल्याचा हादरा भूकंपमापकांवर तीन रिश्टरएवढा नोंदला गेला. त्यावरच्या माणसांना सुदैवानं वाचवता आलं. नुकसान मात्र ७० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

चौकशी झाली. सांगाडा बेतणारे अनाडी नव्हते. सॉफ्टवेअर नामांकित होतं. चूक कुठे होती? शंकरपाळ्यांत! जिथे तीन भिंती एकत्र येतात, तिथे ताण सगळ्यांत जास्त, म्हणजे तिथेच शंकरपाळ्या बारीक पाडायला हव्या होत्या. त्या मोठ्या पाडल्या गेल्या. परिणामी संगणकानं भिंतीवरचा कातरणारा ताण खऱ्यापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी सांगितला. त्यावर विसंबून भिंती पातळ ठेवल्या गेल्या आणि आतल्या सळयाही अपुऱ्या पडल्या. पुढे तेच गणित काळजीपूर्वक करून पाहिलं, तेव्हा उत्तर आलं की भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात ती फुटली होती ६५ मीटरवर!

म्हणजे बघा, संगणकाला खरं उत्तर ठाऊक करून देता येत होतं. त्याला नीट विचारलंच गेलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पडद्यावरचे रंग इतके देखणे असतात, आकडे दशांश चिन्हापुढे इतके ऐटीत उभे असतात, की ते खोटे असतील असं वाटतच नाही. म्हणून जुने जाणते इंजिनीअर आजही नव्या मुलांना सांगतात, संगणकाला विचारण्याआधी पाठकोऱ्या कागदावर ढोबळ हिशेब मांड. कागदावरचं उत्तर आणि पडद्यावरचं उत्तर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय हे नक्की.

आणि शेवटी वस्तू खरोखर बनवून, खरोखर छळून पाहायचीच. त्याला पर्याय नाही. ‘अग्निकुल’नंही इंजिन थेट आकाशात धाडलं नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये तिरुवनंतपुरमला ‘इस्रो’च्या केंद्रात ते आधी जमिनीवर बांधून पेटवून पाहिलं. किती वेळ? फक्त १५ सेकंद. पण संगणकानं सांगितलेलं खरं की खोटं, हे त्या पंधरा सेकंदांत कळतं. चाचणीत मोजलेले आकडे परत संगणकात घालायचे, मॉडेल सुधारायचं, पुन्हा पेटवायचं. पडद्यावरून जमिनीवर आणि जमिनीवरून पडद्यावर, ही येरझार म्हणजेच खरी इंजिनीअरिंग.

घरातला ‘नुसता बसलेला’ मुलगा

सरकारी नोंदीनुसार जानेवारी २०२५पर्यंत देशातल्या मान्यताप्राप्त नवउद्योगांची संख्या दीड लाखावर गेली होती. यांतले बरेचसे दुकानदारी, शिक्षण, जेवणाचे डबे अशा सेवांचे. काहीतरी घडवणारे, यंत्र बनवणारे त्या मानानं थोडे. कारण वस्तू बनवण्यात वेळ जातो, पैसा अडकतो आणि अपयश चारचौघांत दिसतं. पडद्यावर फोडून बघण्याच्या या सोयीनं निदान त्यातली पहिली भीती कमी केली आहे.

तेव्हा तुमच्या घरातला इंजिनीअरिंगचा विद्यार्थी रात्री दोन वाजेपर्यंत संगणकासमोर बसलेला दिसला, तर ओरडण्याआधी एकदा त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघा. खेळ दिसला तर खुशाल दिवा मालवा. पण एखादी विचित्र रंगीत वस्तू गोल फिरताना दिसली, तर विचारा, ‘हा लाल भाग कुठला रे?’ तो उत्साहानं सांगायला लागेल. मग दुसरा प्रश्न विचारा, ‘आणि हे खरं कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो अडखळला, तर समजा की त्या रात्री त्याचा सगळ्यांत मोलाचा धडा तुम्ही घेतलात.

राहता राहिली श्रीहरिकोट्याची ती चार वेळा हुकलेली वेळ. लोक त्याला अपयश म्हणाले. पण सहा सेकंद उरलेले असताना एखादी गोष्ट मनासारखी दिसत नाही म्हणून थांबायला जास्त धीर लागतो. चार वेळा रॉकेट जागेवर राहिलं, म्हणून पाचव्या वेळी उडायला शिल्लक राहिलं!